म्या डोळ्यानं बघितलं : परभणी जिल्ह्यातलं एक माहितीयुद्ध

आमच्या इचलकरंजीच्या घरात जेवायला बसताना खाली पत्रकं अंथरलेली असायची. वडील यंत्रमाग कामगारांच्या चळवळीत. जास्त छापलेली, शाई फुटलेली, सभा संपल्यावर उरलेली सगळी पत्रकं घरी यायची. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरून. आमटीच्या डागाखालून 'कामगार बंधूंनो, जागे व्हा!' वाचत मोठी झाले. वडिलांचा नियम एकच होता. पत्रक हातात आलं की आधी तळाची ओळ वाचायची. कोणी छापलं, कुठं छापलं, कोणाच्या नावानं काढलं? तळाला नाव नसेल तर वरचा मजकूर कितीही जळजळीत असो, तो कागद आमटीच्याच कामाचा.

म्हणून 'माहितीयुद्ध' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी कान टवकारले. पुण्यातल्या एका व्याख्यानात प्रज्ञाताई बोलत होत्या. शत्रूचा प्रचार कसा पसरतो, सैन्याचं मनोधैर्य खोट्या बातमीनं कसं पाडतात, याचं संशोधन त्यांनी अनेक वर्षं केलं. मग ते सोडून त्या परभणीला, आपल्या जिल्ह्यात परतल्या आणि तेच शास्त्र बाजारभावाच्या अफवा, लसींबद्दलच्या अफवा, गावागावांत लावली जाणारी भांडणं यांच्यावर लावायला लागल्या. मी त्यांना लांबलचक संदेश पाठवला. प्रश्न होते, शंका होत्या, थोडं भाषणही होतं. उत्तर तीन शब्दांचं आलं : "येऊन बघ, मुक्ता."

मी गेले. आता परत आले आहे आणि अजून माझ्या अंगातली धग उतरलेली नाही.

परभणी

जानेवारीची सकाळ. स्टेशनातून बाहेर पडले तर थंडी अशी की रिक्षावाल्यांनी कानाला मफलर बांधून वर टोप्या चढवलेल्या. प्रज्ञाताई स्कूटर घेऊन आल्या होत्या. घरी पोचल्यावर त्यांच्या आईंनी समोर धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो आणि त्याखाली पुस्तकांची इतकी गर्दी की पंखा लावला की पानं फडफडावीत. ताईंचे वडील शाळामास्तर होते. "आमच्या घरात प्रश्न विचारल्याशिवाय ताट मिळायचं नाही," ताई म्हणाल्या. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

धपाटं तोडत मी पहिला प्रश्न टाकलाच. "माहितीयुद्ध म्हणजे नेमकं काय? खोटं बोलणं?"

"खोटं हे फक्त हत्यार. युद्ध म्हणजे समोरच्यानं स्वतःच्या हातानं, राजीखुशीनं, स्वतःचं नुकसान करावं अशी व्यवस्था. सैन्यानं शस्त्र टाकावं, नाहीतर शेतकऱ्यानं कापूस पडेल त्या भावात घालावा. सीमेवर असो की सेलूच्या मोंढा बाजारात, युक्ती एकच."

"मग ओळखायचं कसं?"

"घाईवरून. खरी बातमी क्वचित म्हणते की आत्ताच्या आत्ता कर."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बोरीहून इरफानभाई बोलत होते. त्यांचं तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि या भागातल्या अफवा ताईंपर्यंत सगळ्यात आधी तेच पोचवतात. ताईंनी फोन ठेवला आणि ओढणी डोक्याला गुंडाळली. "चल. तुझा अभ्यास सुरू झाला."

बोरी

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर, हरभरा आणि हुरड्याला आलेली ज्वारी. आमच्याकडे उसाच्या भिंतीत गुदमरायला होतं, इथं नजर थेट आभाळाला जाऊन टेकते. वाटेत ताईंच्या ओळखीच्या शेतकऱ्यानं गाडी थांबवून आगटीवरचा गरम हुरडा हातावर चोळून दिला. हात काळे, तोंड गोड. मी तिथेच अर्धा तास काढला असता, पण ताई घाईत होत्या. मी त्यांना सांगितलं, घाई म्हणजे धोक्याची खूण, तुम्हीच म्हणालात. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

इरफानभाईंच्या दुकानात उघड्या मोबाइलांची पोटं पसरलेली. त्यांनी एक ध्वनिफीत लावली. पुरुषाचा आवाज, धापा टाकत :

"गंगाखेडला मेंढरांवर रोग आलाय. सरकारी गाड्या आल्यात. वाडेच्या वाडे उचलून नदीकाठी खड्ड्यात पुरायलेत. म्या डोळ्यानं बघितलं. आता बोरीकडं येतेत. हायेत तोवर इकून टाका."

मेंढपाळ आपल्या मुक्कामाला वाडा म्हणतात. मेंढरं, घोडं, कुत्री, बिऱ्हाड, सगळं मिळून वाडा. बोरीच्या शिवारात त्या वेळी असे काही वाडे उतरले होते आणि सगळ्यांच्या फोनवर ही क्लिप पोचली होती. परवाच्या बाजारात सगळे मेंढरं विकणार होते.

"आता गंमत बघा," इरफानभाई म्हणाले आणि माझ्या कानात इयरफोन घातला. "मागं काय ऐकू यायलंय?"

घर्र, घर्र, घर्र. "पंखा?"

"सीलिंग फॅन. साहेब नदीकाठी उभे हायेत म्हणे. नदीवर पंखा कुणी लावला, त्याच्या सासऱ्यानं?" त्यांनी तोच तुकडा पुन्हा लावला. "अन् आता 'गंगाखेड' शब्दापाशी ऐका."

त्या एका शब्दापुरती घरघर गायब होत होती. शब्द वेगळा बोलून मागाहून डकवलेला होता. तळाची ओळ नसलेल्या पत्रकाला अखेर शाईचा ठसा सापडला होता.

"लष्करी प्रचारात हे नेहमीचं," ताई म्हणाल्या. "एकच संदेश बनवायचा आणि गावाचं नाव तेवढं बदलायचं."

मी लगेच म्हणाले, "पत्रक काढू! आज रात्रीत!" आणि पिशवीतल्या माझ्या जुन्या पत्रकांचा गठ्ठा नमुना म्हणून बाहेर काढला. दोघं तोवर दुकानाबाहेर पडली होती. आम्ही वाड्यावर गेलो.

काढून नेलेल्या कापसाच्या रानात वाडा उतरला होता. शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवून घेतलेली, बदल्यात वाड्याला धान्य. धुरपतमावशी दगडाच्या चुलीपाशी बसल्या होत्या. चेहऱ्यावर गोंदण, हातात काठी, आवाज रानाच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. त्यांनी मेंढीच्या दुधाचा चहा दिला. इतका दाट की पेला उलटा केला तर चहा विचार करून खाली यावा.

"पी पोरी, लाजू नको. दोन दिसांनी हे दूध कुठून आणू?" एक पांढरं कोकरू त्यांच्या पदराला लुचत होतं. त्याला त्यांनी बाजूला सारलं नाही.

त्यांचे यजमान मारोतीमामा वाड्यातले मोठे. इरफानभाईंनी त्यांना क्लिप ऐकवली, पंख्याची घरघर दाखवली, शब्दापाशी ती कशी तुटते तेही दाखवलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असल पंखा. पन तो म्हनला ना, म्या डोळ्यानं बघितलं."

"मामा, ते तर कुणीही म्हणू शकतं!" मी उसळले.

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी काही अभद्र बोलले. "आमच्यात न्हाई म्हनत कुनी."

मग धुरपतमावशींनी समजावलं. वाडा हलवायच्या आधी एक माणूस 'वाट बघायला' पुढं जातो, चारा-पाणी बघून येतो आणि सगळ्यांसमोर उभा राहून म्हणतो, म्या डोळ्यानं बघितलं. त्या एका वाक्यावर शेकडो मेंढरं, लेकरंबाळं उठून चालू लागतात. ऐकीव गोष्टीवर हे वाक्य कुणी उच्चारत नाही. उच्चारलं तर त्याला पुन्हा कधी पुढं पाठवत नाहीत, आणि लग्नकार्यातसुद्धा त्याच्या बोलण्याकडे कुणी कान देत नाही.

मी थक्क झाले. ज्यानं कुणी ती क्लिप केली होती, त्याला यांचं सगळ्यात पवित्र वाक्य माहीत होतं. त्यानं त्यांच्या खरेपणाचाच सुरा केला होता.

वाड्याच्या कडेला येऊन इरफानभाई हळूच म्हणाले, "मॅडम, माझं ऐका. मीबी एक क्लिप करतो. हैदराबादचा बडा व्यापारी पुढच्या हप्त्यात डबल भावानं घ्यायला येतोय. कुणी मेंढरू इकायचं न्हाई. काम खल्लास."

ताईंनी लगेच नाही म्हटलं नाही, हे पाहून मला धक्का बसला. "चालेल," त्या सावकाश म्हणाल्या. "संशोधन हेच सांगतं. मोठी लालूच मोठ्या भीतीला थोपवते."

"आणि पुढच्या हप्त्यात?" माझा आवाज चढला. "व्यापारी आला नाही की? तेव्हा यांनी कुणावर विश्वास ठेवायचा? तुम्ही शत्रूची तोफ ओळखायला शिकलात, ताई, ती स्वतःच्या गावावर डागायला नाही!"

"अन् उद्याचा दिवस गेला तर परवा यांची मेंढरं जातील," ताई तितक्याच ठामपणे म्हणाल्या. "तत्त्वं सांभाळून तू इचलकरंजीला परत जाशील. ही बाई कुठं जाईल?"

मी तोंड उघडलं आणि नेमका त्याच क्षणी पाठीमागून फर्र असा आवाज आला. वाड्यातली एक शेळी माझ्या पिशवीत तोंड घालून 'जागे व्हा' चावत होती. मी ओढलं, तिनं ओढलं. माझ्या हातात फक्त 'व्हा' उरलं.

धुरपतमावशी पोट धरून हसल्या. त्या हसण्यात माझा राग निवला आणि डोक्यात एक साधा प्रश्न आला. मी तो मोठ्यानंच विचारला, "मावशी, गंगाखेडला तुमच्या वाड्यातलं कुणी जाऊन बघितलंय का?"

हसणं थांबलं. मारोतीमामा म्हणाले, "गडी मानसं मेंढरं सोडून कशी जातील? कोकरं व्हायलीत."

"गडी न्हाई जाऊ द्या," धुरपतमावशी उठल्या आणि पदर झटकला. "म्या जाते. माजे डोळे काय फुटलेत?"

"बाईमानूस वाट बघाया जातंय व्हय कुठं?"

"मग बाईमानसानं पाजून वाढवलेली मेंढरं कशाला इकायलाव? परवा म्या यीस्तोवर सौद्याला हात द्यायचा न्हाई. सांगून ठिवते."

ताईंनी इरफानभाईंकडे पाहिलं. "तुमची क्लिप राहू द्या. उद्या एसटी पकडू."

गंगाखेड

रात्र बोरीतच काढून, परभणीला बस बदलून आम्ही तिघी दुपारपर्यंत गंगाखेडला पोचलो. धुरपतमावशी खिडकीशी बसून सबंध वाटेवरचा चारा बघत होत्या. "हितं हरळी बरी हाय. हितं काय न्हाई, बाभळीच बाभळी." मला रस्ता दिसत होता, त्यांना जेवण दिसत होतं.

आधी गोदावरीच्या काठावर गेलो. पाणी संथ, वाळूत कपडे वाळत घातलेले, दोन पोरं म्हशी धूत होती. खड्डा कुठंच नव्हता, सरकारी गाडीही नव्हती. पण धुरपतमावशींचं समाधान होईना. "एवढ्यावर न्हाई चालत. मेंढरं बघायला पायजेत."

कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं चालत निघालो. तोडून गेलेल्या फडात माझी चप्पल चिखलात रुतली आणि तिचा अंगठा तुटला. पुढचा सगळा प्रवास मी सुतळी बांधून केला. आणि मग त्यांनी एकदम काठी वर केली. लांबवर फडात पांढरे-काळे ठिपके. मेंढरं उसाचं वाढं, तोडून टाकलेले हिरवे शेंडे, खात होती.

त्या वाड्यातले किसनमामा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. धुरपतमावशींनी रामराम घातला. "बोरीच्या रानातून आले."

किसनमामा दोन पावलं मागं सरले. "बोरीच्या? अवो, तुमची मेंढरं तर समदी पुरली म्हनं की!"

"कुनाची? माजी?" मावशींचा आवाज फडभर घुमला. "सकाळी दूध काढून आले की मी! कुनी पुरली, तुमच्या बापानं?"

"आमच्या फोनवर आलंय! बोरीला गाड्या आल्या, वाडे उचलले. डोळ्यानं बघितलं म्हनतोय तो."

ताईंनी हात पुढं केला. किसनमामांनी फोन दिला. तोच आवाज होता, तीच धाप आणि तोच पंखा. फक्त 'बोरी' आणि 'गंगाखेड' यांनी जागा बदलली होती. बोरीला गंगाखेडची भीती घातली होती, गंगाखेडला बोरीची. दोन्ही वाडे धडधाकट होते आणि एकमेकांच्या मरणाला घाबरून स्वतःचे कळप विकायला निघाले होते.

मला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं. सापडलं! ताईंनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

किसनमामा मात्र खाली बसले होते. "तुमी जित्या हायेत," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "अन् म्या परवा निम्मी मेंढरं देऊन बसलो."

माझा आनंद तिथंच थबकला. धुरपतमावशी त्यांच्याजवळ बसल्या. पोराला समजवावं तसं, हळू आवाजात म्हणाल्या, "उठा दादा. ऱ्हायलेली तर जपू. माज्या संगं बोरीला चला. माजं एकटीचं कुनी ऐकंल का न्हाई, देव जाणे. बाईमानूस पडले."

ताईंनी दोघांचा व्हिडिओ करून इरफानभाईंना पाठवला. तासाभरानं त्यांचा फोन आला, आवाज पडलेला. "मामाला दाखवला. म्हणे, फोन तर कालबी बोलला होता."

किसनमामांनी मेंढरं भावाच्या हवाली केली आणि खांद्यावर घोंगडं टाकलं.

परभणीला पोचेस्तोवर बोरीची गाडी गेली होती. चौघं ताईंच्या घरी मुक्कामाला राहिलो. ताईंच्या आईंनी ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी केली. किसनमामा ताटापुढे बसून म्हणाले, "माय, तुमच्यात लय पुस्तकं हायेत. ह्यात असल्या चोरीचं लिवलंय का?" ताई म्हणाल्या, "चोरीचं लिहिलंय मामा. तुमचं आता लिहावं लागेल."

पुन्हा बोरी

सकाळी बाजार भरला होता. एका बाजूला भाजी, कपडे, गुळाच्या ढेपा. पलीकडे लिंबाच्या मोठ्या झाडाखाली मेंढरं आणि रिकामे टेम्पो. इतके टेम्पो इथं कधी येत नाहीत, असं इरफानभाई म्हणाले.

इथल्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव करतात. बाहेरच्याला काही कळत नाही. रुमालाबाहेर जुळलेले हात आले की सौदा झाला. तो मग कुणी मोडत नाही.

मारोतीमामांचा हात रुमालाखाली होता. समोर चष्मेवाला व्यापारी. दोघांचे चेहरे दगडासारखे. रुमाल किंचित हलत होता.

धुरपतमावशी गर्दीतून कशा गेल्या ते मला कळलंच नाही. माझ्या पायात सुतळीची चप्पल, मी धडपडत मागे. त्यांनी सरळ जाऊन रुमाल ओढला.

दोन हात उघडे पडले होते. अजून जुळले नव्हते.

"म्हनले व्हते ना, म्या यीस्तोवर हात द्यायचा न्हाई!"

"ओ बाई, ही काय रीत हाय?" व्यापारी भडकला. "रुमालाला हात?"

"रीत मला शिकवू नको, बाप्पा. म्या वाट बघून आले. आता माजं ऐका समदे." त्या वळल्या. चारी बाजूंच्या वाड्यांची माणसं गोळा झाली होती. "गंगाखेडला रोग न्हाई, गाडी न्हाई, खड्डा न्हाई. मेंढरं वाढं खायलीत. म्या डोळ्यानं बघितलं."

कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "बाईचं काय..."

किसनमामा पुढं आले. घोंगडं काढून हातावर घेतलं. "म्या गंगाखेडचा किसन. तुमी म्हनता ना आमाला पुरलं? घ्या, हात लावून बघा. आन् आमाला सांगितलं व्हतं, तुमाला पुरलं. म्या निम्मी मेंढरं इकून बसलो, रे. तुमी नका इकू."

मारोतीमामांनी खरंच पुढं होऊन किसनमामांच्या खांद्याला हात लावला. तोच हात, जो मघाशी रुमालाखाली होता. "चला," ते आपल्या माणसांना म्हणाले, "मेंढरं फिरवा."

एक वाडा फिरला, दुसरा फिरला. धुळीचा लोट उठला, कोकरं ओरडत होती, कुत्री धावत होती, आणि मी त्या धुळीत उभी राहून वेड्यासारखी हसत होते. टेम्पो रिकामेच उभे राहिले.

ती क्लिप कुणी केली हे अजून सिद्ध झालेलं नाही. संशय सगळ्यांना आहे, पण संशयावर नाव छापायचं नाही, हेही मी आमटीच्या डागाखालूनच वाचलेलं आहे. ताई दोन्ही क्लिपा घेऊन रीतसर तक्रार करणार आहेत. किसनमामांची गेलेली मेंढरं परत आलेली नाहीत. हे लिहिताना माझा उत्साह दर वेळी त्या ओळीवर अडखळतो.

दुपारी इरफानभाई फोन घेऊन पुढं आले. "मावशी, जिंतूरकडच्या वाड्यांनाबी ती क्लिप गेलीय. आता तरी एक करू द्या. खरी."

धुरपतमावशींनी फोन तोंडाजवळ धरला, मग थोडा लांब धरला, मग आम्हाला दरडावून गप्प केलं. त्या बोलल्या ते मी जसंच्या तसं देते :

"म्या धुरपत, मारोतीच्या घरची. बोरीच्या बाजारात लिंबाखाली उभी हाय. गंगाखेडचा किसन माज्या शेजारी उभा हाय. आमची मेंढरं जिती हायेत. पन फोनवर इश्वास ठिवू नका, माज्याबी न्हाई. तुमच्यातलं एक मानूस पाठवा. येऊन बघा. चहा देते."

तळाची ओळ! नाव, ठिकाण, साक्षीदार, सगळं होतं. मी ताईंकडे बघितलं; त्या ओढणीनं चष्मा पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी निघायच्या तयारीत वाड्यावर निरोप घ्यायला गेले, तेव्हा बांधावरून दोन अनोळखी माणसं काठ्या टेकत येत होती. जिंतूरच्या बाजूनं चालत आलेली, पायांवर धूळ. त्यांनी वाड्याभोवती एक फेरी मारली, दोन-तीन मेंढरांची तोंडं उघडून बघितली, कोकरं बघितली, कुत्र्यांच्या शिव्या खाल्ल्या.

धुरपतमावशींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी चुलीवर पातेलं ठेवलं आणि दूध काढायला मेंढीपाशी बसल्या.